बारा मिनिटं

मुरारच्या शेडमध्ये ती पहिल्या किकला सुरू होते.
किकची दांडी, तीच पुढे पाडली की गिअरची दांडी,
ही जावाची रीत अंगवळणी पडेपर्यंत
माझ्या डाव्या नडगीवर दोन निळे डाग पडले.
साठीला टेकलेल्या बाईने ते कुणाला दाखवायचे?

नसरू उस्ताद म्हणाला, कार्ब्युरेटर.
जेट फुंकला. फ्लोटची सुई बदलली.
सांध्यांवर साबणाचं पाणी सोडून पाहिलं,
कुठून हवा ओढतेय का.
टाकीच्या झाकणाला श्वासापुरतं एक भोक असतं,
ते बुजलं होतं. दाभणाने मोकळं केलं,
आणि दोघांना वाटलं, सापडला चोर.
सायलेन्सरची काजळी भट्टीत जाळली,
वीस लिटरला एक लिटर ऑइल मोजून घातलं.

तरी पडावचा पूल उतरून फूलबागेकडे वळलं की
ना खोकणं, ना कण्हणं,
बोलता बोलता माणूस गप्प व्हावा
तशी बंद.

मे महिना, तोही ग्वाल्हेरचा.
कोपऱ्यावर एक कडुलिंब आहे, तिथवर ढकलत नेते.
आज प्लग काढून फिन्सवर टेकवला, किक मारली:
पिवळट ठिणगी, विरलेल्या दोऱ्यासारखी.
घड्याळ लावून बसले.
बारा मिनिटांनी तीच ठिणगी निळी, कडक.

तापलं की मरतं, निवलं की जगतं.
हा पेट्रोलचा रोग नव्हे.
बाजूचं झाकण उघडलं. पॉइंटांच्या शेजारी
बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी,
जिच्याबद्दल उस्ताद म्हणाला होता,
"मैसूर का असली माल है मैडम, इसे मत छेड़ो."

तीस वर्षं मी फळ्यावर दोन समांतर रेषा काढल्या
आणि खाली लिहिलं, संधारित्र.
नववी ब, दहावी अ. खडूचे किती खोके.
बिघडलेला एकही कधी हातात घेतला नव्हता.

गाडी हरचरन कुशवाहची.
आमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायचा,
बॅटऱ्यांत पाणी घालायचा.
तो गेल्यावर मुलाने ती वजनावर काढली होती,
मी दोनशे जास्त देऊन काट्यावरून उतरवली.

उन्हाळ्यात सकाळच्या शाळेला तो वेळेवर यायचा,
दुपारच्या प्रॅक्टिकलला कधीच नाही.
येताना मी त्याला एकदा रिक्षातून पाहिलं होतं,
ह्याच झाडाखाली, बिडी ओढत, निवांत.
"मैडम, गाड़ी गरम हो के बैठ जाती है."
मी फिजिक्सची बाई. म्हटलं,
यंत्राला कारण लागतं, हरचरन, बहाणा नाही.
आणि मस्टरवर लाल शाईने लिहिलं: विलंब.
एका वर्षी त्या शेऱ्यांवरून
त्याची वेतनवाढ अडली. सही माझीच.

आता बुंध्याला टेकून बसले आहे.
इंजिन निवताना टिक, टिक वाजतं,
सुरुवातीला भराभर, मग सावकाश.
पारावर बिडी विझवल्याचे काळे ठिपके आहेत.
त्याचेच असतील असं नाही. कुणीही बसतं इथे.

नवा कंडेन्सर नई सडकेवर मिळाला,
स्कूटरचा, सव्वाशे रुपयांत.
इंजिनच्या धगीपासून दूर, सीटखाली बसवला,
वायर लांबवून.
उस्तादने दोनदा फेरी मारली आणि
माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाँ, यही था."
जुना मी खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवला.

आता ती बंद पडत नाही.
झाडापाशी थांबायचं तर मला थांबवावी लागते.
डायनॅमोचा लाल दिवा मात्र
वेग घेतला तरी विझत नाही.
ब्रश घासले असतील, किंवा कटआऊट.
उद्या उघडून बघते.